जपानटाउनच्या बागेतलं फाटक

आमच्या नागपूरच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकात असायची. वडील केमिस्ट्रीचे प्राध्यापक, मुद्दाम अमावस्या बघून प्रवासाला निघणारे. मीही त्यांच्याच विषयात एम.एस्सी. झाले. या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते... आणि खरं सांगू? बरेचदा हसतेही. त्यामुळे मी स्वतः लिहायला बसलेय हे बघून माझ्या नवऱ्यालाच नवल वाटलं. "तू? आणि हे?" मग म्हणाला, "लिही. मी होतो तिथे. कुणी विचारलं तर मीही हेच सांगेन."

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याला मी कुठेही 'बिचारा' म्हणणार नाही. मला तेव्हा त्याची दया आली नव्हती, आजही येत नाही.

माझी मोठी बहीण शालूताई. तिचं लग्न झालं तेव्हा मी दोन वेण्या घालणारी शाळकरी पोर होते. नवरा अमेरिकेतला इंजिनिअर — वसंत. आम्ही सगळे हवेत! लग्नानंतर ताई तिकडे गेली, तिला मुलगी झाली, इरा. इरा वर्षाची व्हायच्या आतच वसंतने ताईला "थोडे दिवस माहेरी आराम कर, मुलीला माझी आई सांभाळेल" म्हणून एकटीला विमानात बसवलं. ताई आली ती कायमचीच. महिन्याभरात त्याच्या वकिलाकडून कळलं की बाईचं डोकं फिरलेलं आहे, मूल तिच्या हाती देणं धोक्याचं आहे, आणि घटस्फोटाची कारवाई सुरू आहे. ताईच्या डोक्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तिने फक्त त्याचा हात एकदा धरला होता... मारायला उचललेला.

आम्ही काय करणार होतो? इथून तिकडच्या कोर्टात कोण उभं राहणार? वडिलांची पत्रं 'पत्त्यावर कुणी राहत नाही' असा शिक्का घेऊन परत यायची. तो दोनदा गाव बदलून गेला, मग आमच्याकडे त्याचा काहीच पत्ता उरला नाही. ताई एका शाळेत चित्रकला शिकवू लागली. दुसऱ्या लग्नाचं नाव काढलं की उठून जायची.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. माझं लग्न होऊन मी कॅलिफोर्नियात आले. श्रीकांत — माझा नवरा — सनीव्हेलला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथल्या मराठी मंडळाच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक गृहस्थ पुढे आले. रुंद हसू, खांद्याला कॅमेरा. "वेलकम, वेलकम! मी वसंत. सगळे मला वसंतदादाच म्हणतात. काही लागलं तर फोन करायचा, लाजायचं नाही."

हातातली पुलावाची डिश मी कशी धरून ठेवली कोण जाणे. त्याने मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? वेण्या गेल्या होत्या, लग्नात नाव-आडनाव दोन्ही बदललं होतं. त्याच्या मागे अकरा-बारा वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने कपाळावरचे केस मनगटाच्या उलट्या बाजूने मागे सारले. ताई अगदी तशीच करते, बोटांना रंग लागलेला असतो म्हणून.

शेजारच्या काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "देवमाणूस आहे गं. बायको बाळंतपणानंतर इंडियात काविळीने गेली. तेव्हापासून एकट्याने वाढवलंय लेकीला. दुसरं लग्नसुद्धा केलं नाही."

काविळीने गेली! त्या दिवशी माझी ताई नागपूरला मुलांना कमळाची पाकळी कशी काढायची ते शिकवत असेल.

घरी येताना मी गाडीतच श्रीकांतला सगळं सांगितलं. म्हणाला, "आत्ता तोंड उघडू नकोस. तो पुन्हा पोरीला घेऊन नाहीसा झाला तर? आधी वकील बघू." बरोबरच होतं त्याचं. ताईलाही मी कळवलं नाही... इरा सापडली म्हणून सांगायचं आणि पुन्हा हरवली म्हणून सांगायचं, ते मला जमलं नसतं. पण माझ्या मनात वकील नव्हताच हो. मला तो माणूस गुडघ्यावर आलेला बघायचा होता. भांडी घासताना, कपडे घड्या करताना मी दुसरा विचारच करत नव्हते.

वसंतला नव्या लोकांना फिरवायची भारी हौस. शनिवारी एखादं जोडपं गाडीत घालायचं आणि गाइडसारखं बोलत राहायचं. आमची पाळी आली तेव्हा म्हणाला, "सॅन होजेचं जपानटाउन दाखवतो. छोटंसं आहे, पण क्लीन! बाग आहे, म्युझियम आहे."

मी लगेच हो म्हटलं. इरा येणार होती ना.

ऑगस्टची दुपार होती. लख्ख ऊन, कित्येक महिन्यांत पावसाचा थेंब नाही, टेकड्या वाळून पिवळ्या पडलेल्या. आधी आम्ही एका पार्कात गेलो, तिथे म्हातारी जपानी माणसं बाकांवर बसून पटावरचा कसलासा खेळ खेळत होती. वसंतने न विचारता त्यांचे फोटो काढले. मग मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या जपानी मिठाईच्या, दुकानात थांबलो. इराने मला अर्धी मोची तोडून दिली आणि म्हणाली, "मावशी, ट्राय इट. इट्स लाइक अवर मोदक, बट स्क्विशी."

तिथली मुलं सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. पण मी तर तिची खरोखरची मावशी होते!

म्युझियम म्हणजे एका जुन्या लाकडी घरातल्या दोन खोल्या. तिथे व्हॉलंटियर म्हणून एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, नाव हाना. मी मनात त्यांना हानाबाई म्हणायला लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने इथल्या जपानी लोकांना घरंदारं सोडायला लावून छावण्यांत नेऊन ठेवलं होतं. म्युझियममध्ये त्या छावण्यांत फळकुटांपासून केलेल्या खुर्च्या, गोणपाटाच्या बाहुल्या, असं काहीबाही मांडलेलं होतं. हानाबाई स्वतः लहानपणी अशाच एका छावणीत होत्या.

"मागे जी बाग आहे," त्या म्हणाल्या, "तिथे एका बाईचं घर होतं. जाताना तिने किल्ली शेजाऱ्याला दिली. त्याने शब्द दिला होता, परत येईपर्यंत सांभाळीन म्हणून. परत आली तर तो घरात राहत होता. म्हणाला, हे घर माझं आहे, तुला मी ओळखत नाही. तिचं सगळं सामान आत होतं. तान्हेपणी गेलेल्या तिच्या मुलाचा पाळणासुद्धा आतच. ती रोज संध्याकाळी फाटकापाशी येऊन उभी राहायची."

"तिला घर परत मिळालं?" इराने विचारलं.

"नाही. ती मेली, मग तोही मेला, घर पडलं. नंतर आमच्या लोकांनी ती जागा घेऊन बाग केली. त्या फाटकाला आम्ही कडी लावलेली नाही. मुद्दामच."

वसंत घड्याळ बघत होता. हानाबाईंना इंग्रजीत म्हणाला, "बट मॅडम, हे सगळं मुलांना कशाला सांगायचं? गेलं ते गेलं. विसरावं आणि पुढे जावं, मुलांच्याच भल्यासाठी." आणि आमच्याकडे वळून मराठीत, "काय मिळतं या लोकांना उकरून?"

हानाबाईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. म्हणाल्या, "बाग बघून या. फाटक उघडंच आहे."

बाग छोटीशी. आपल्याकडच्या चार-पाच खोल्यांच्या घराएवढी असेल. मध्ये तळं, दगडी कंदील, लाल पानांचं मेपल, भोवती खडी पसरलेली गोल वाट आणि कडेने कमरेएवढं बांबूचं कुंपण. एकच फाटक, तेही उघडं. कुठेही उभं राहिलं तरी सगळी बाग दिसते. हे मी मुद्दाम सांगतेय. तिथे हरवायला जागाच नाही.

आम्ही तिघं एक फेरी मारून बाहेर आलो आणि समोरच्या बाकावर बसलो. वसंत फोटो काढत मागे राहिला होता. तो फाटकाजवळ आला... आणि पुढे निघून गेला. वाटलं, अजून एखादा फोटो असेल. पुन्हा फेरी मारून आला, पुन्हा पुढे. तिसऱ्या वेळी तो कुंपणावर हात ठेवून चालत होता. फाटकाची मोकळी जागा आली तरी त्याचा हात तसाच, हवेत, सरळ पुढे सरकला — जणू तिथेही बांबूच आहेत.

"डॅड, वी आर हिअर!" इरा हसून ओरडली.

त्याने आमच्या दिशेने पाहिलं. डोळे आमच्यावरून सरकून गेले. "इरा? कुठे गेलात तुम्ही सगळे?"

आम्ही पाच-सहा पावलांवर होतो.

"डॅड, स्टॉप इट. इट्स नॉट फनी."

"अगं, पण फाटक कुठेय?" त्याचा आवाज चिरकला. इरा उठून आत गेली, त्याचा हात धरून त्याला फाटकाशी घेऊन आली. ती बाहेर पडली आणि तो जागच्या जागी थबकला. हात सुटला. इरा मागे वळून आपल्या तळव्याकडे बघत राहिली. मग श्रीकांत गेला. त्याने वसंतला दंडाला धरून बाहेर ओढायचा प्रयत्न केला. श्रीकांत चांगला कबड्डी खेळलेला माणूस, पण वसंत तसूभर हलला नाही आणि उलट असा किंचाळला की खांदाच निखळला असावा. श्रीकांत घाबरून बाहेर आला. "स्ट्रोक असणार. डोळ्यांवर परिणाम झालाय. मी म्युझियममधून अँब्युलन्सला फोन करतो." तो पळाला.

मी इराला बाकावर बसवलं आणि आत गेले.

वसंत खडीवर खाली बसला होता. घामाने निथळत होता. मला पाहून म्हणाला, "वहिनी, तिला सांगा ना बाजूला व्हायला."

"कुणाला?"

"ती बाई! फाटकात उभी आहे. मघापासून विनवतोय, हलत नाही. काही बोलत नाही. हात बघा तिचे... चिखलाने भरलेत नुसते."

मी वळून पाहिलं. फाटकात कुणीही नव्हतं. पलीकडे ऊन, रस्ता, बाकावर बसलेली इरा. पण अंगावर काटा आला, आणि त्या काट्याच्या आत — खोटं कशाला सांगू — आनंद झाला. इतके दिवस जे मागत होते ते कुणीतरी माझ्यापुढे आणून ठेवलं होतं. गुडघ्यावर.

मी त्याच्यासमोर उकिडवी बसले. "भाऊजी," मी म्हटलं, "मला ओळखलं नाहीत?"

त्या शब्दाला तो दचकला. तिथे त्याला सगळे दादा म्हणायचे. भाऊजी म्हणणारं एकच घर होतं.

"मी शालूताईची धाकटी बहीण. तुमच्या लग्नात तुमचे जोडे पळवले होते ना, तीच."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. आधी तो मला बोलू नये ते बोलला. मग म्हणाला, "ही तुझीच काहीतरी करणी आहे. काय चारलंस मला?"

"मी काही केलेलं नाही. मला आलं असतं तर फार पूर्वीच केलं असतं. इराला खरं सांगा."

"मरेन, पण सांगणार नाही."

"मग बसा इथेच."

मी उठले. तोही उठला आणि फाटकाच्या दिशेने धावला — डोकं खाली घालून, बैलासारखा. फाटकाच्या बरोबर मध्यावर तो मागे फेकला गेला. धडपडला नाही; फेकला गेला. खडीवर पाठीवर पडला. मी ते तीन हातांवरून पाहिलं. मध्ये काहीच नव्हतं. तो पुन्हा उठला, पुन्हा गेला, पुन्हा तेच. त्याचे तळवे सोलवटले, चष्मा तुटला. तेव्हा मला त्याला थांबवता आलं असतं का? माहीत नाही. मी हात बांधून उभी होते. ताई घराच्या पायरीवर पोस्टमनची वाट बघत बसलेली मला दिसत होती, वर्षानुवर्षं. मी मनात म्हणत होते, आणखी एकदा. आणखी एकदा जा.

शेवटी तो उठलाच नाही. हात जोडले, पण मला नाही. फाटकाकडे तोंड करून, रिकाम्या जागेला. मग लहान मुलासारखं रडत हाक मारली, "इरा! इरा, ऐक. तुझी आई गेलेली नाही. शी इज अलाइव्ह. नागपूरला आहे. मीच... मीच तिला परत येऊ दिलं नाही. तिला वेड लागलं नव्हतं. मी खोटं बोललो."

इरा बाकावरून उठली होती. ती रडली नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "इज दॅट ट्रू, मावशी?"

"हो. आणि मी तुझी सख्खी मावशी आहे."

तेवढ्यात श्रीकांत आणि हानाबाई धावत आले. वसंत रांगत फाटकातून बाहेर आला. सहज. जसं उघड्या फाटकातून कुणीही येईल तसं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीशी दोन तळव्यांचे ठसे होते, ओल्या काळ्या मातीचे. श्रीकांत म्हणाला, पडला तेव्हा हाताची माती लागली असेल. पण तो पडला तिथे नुसती कोरडी खडी होती, आणि त्याचे स्वतःचे हात रक्ताळलेले होते, चिखलाचे नव्हते. शिवाय ठसे छोटे, बाईच्या हाताचे. बोटं वर, गळ्याच्या दिशेला... समोर उभं राहून कुणी ढकलावं तशी.

हानाबाई त्या शर्टाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "छावणीतून आल्यावर ती स्ट्रॉबेरीच्या शेतात मजुरी करायची. काम संपलं की हातसुद्धा न धुता तशीच यायची फाटकापाशी."

हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. मी शपथेवर सांगते. आम्ही तिघांनीही नंतर कितीदा आठवून पाहिलं, नव्हतं सांगितलं.

हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. डोळे ठीक, मेंदू ठीक. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आणि पॅनिक. इराने त्याच संध्याकाळी आमच्या घरून नागपूरला फोन लावायचा हट्ट धरला. तेव्हा ट्रंक कॉल, शेजाऱ्यांकडे फोन, ताईला बोलवायला माणूस धावला. लाइन खरखरत होती. ताईने "हॅलो" म्हटलं, इराने "आई?" म्हटलं, आणि मग दोघी नुसत्या ऐकत राहिल्या. मी दार ओढून बाहेर गेले.

वसंत भांडेल, पुन्हा पळून जाईल, अशी आम्हाला भीती होती. तसलं काही झालं नाही. डिसेंबरमध्ये इरा आमच्याबरोबर भारतात यायची ठरली, तेव्हा तिची बॅग आणायला मी त्याच्या अपार्टमेंटमध्ये गेले. बाहेरचं दार सताड उघडं. आतल्या खोल्यांची, बाथरूमचीसुद्धा दारं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तो मधल्या खोलीत खुर्चीवर बसला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "बॅग तिथे आहे. तिला परत यायचं नसेल तरी चालेल." मी बॅग उचलली. पुढे त्याने मंडळ सोडलं, गाव सोडलं.

आमच्या ओळखीतले एक सायकिअॅट्रिस्ट म्हणतात, अपराधी मनाचा खेळ. असेल. पण त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आधीच तो अडकला होता. मी कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. मन माणसाला भास देईल, उचलून मागे फेकेल का? आणि जपानी बाईचा राग एका मराठी माणसावर का निघावा? वडील हयात असेपर्यंत मी त्यांच्याशी यावर वाद घालत राहिले. त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं, आणि उत्तर नाही हे कबूल करणं त्यांना फार जड जायचं. मलाही जातं.

ताईला मी सगळं सांगितलं ते नागपूरच्या त्याच डिसेंबरात. अंगणात ऊन खात आम्ही तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. इरा आत आजोबांकडून मराठी अक्षरं शिकून घेत होती, तिचा आवाज बाहेर येत होता. मला वाटलं होतं, ताई रडेल, नाहीतर असल्या गोष्टी बोलू नकोस म्हणेल. ती माझं बोलणं संपेपर्यंत खाली मान घालून शेंगा सोलत राहिली. मग एकच विचारलं.

"बाहेर आला का गं तो शेवटी?"

"आला."

ताईने ओंजळीतले दाणे सुपात टाकले.

"नसता आला तरी चाललं असतं," म्हणाली.